गाडी माझ्या नावावर आहे

क्लचबाईंचं खरं नाव मला त्यांच्याकडे गाडी शिकायला लागल्यावर पाच महिन्यांनी कळलं, तेही कोर्टात. कारकुनाने ते मोठ्याने पुकारलं तेव्हा ही कोण बाई म्हणून मी मागे वळून बघत होते, आणि माझ्या शेजारून क्लचबाई उठून उभ्या राहिल्या.

गेली बावीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवतात. शिकणारा डॉक्टर असो, नाहीतर भाजीवाला, पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा आवाज खिडकीबाहेर जातोच. "क्लच! अहो, क्लच! तो डावा पाय काय शोभेला आणलाय?" रस्त्यावरचे लोक हसतात, शिकणाऱ्याला घाम फुटतो, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस ऐटीत खिडकीवर कोपर टेकवून गाडी चालवताना दिसतो. आमच्या भागातले निम्मे गाडीवाले त्यांच्या हाताखालून गेलेत. त्या पन्नाशीच्या आहेत, बुटक्या आहेत, आणि सीटवर उशी घेऊन बसतात. ती उशी कोणी हलवलेली त्यांना खपत नाही.

मी शाळेत ग्रंथपाल. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला गाडी शिकायचं खूळ लागलं. नियमांचं पुस्तक माझं तोंडपाठ होतं, पण रस्त्यावर उतरले की सगळं डोक्यातून पार उडून जायचं. दोनदा परीक्षेत नापास झाले होते. दुसऱ्या वेळी मी गाडी मागे घ्यायच्या ऐवजी पुढे घेतली आणि परीक्षकाने वही मिटली. बाई मात्र म्हणाल्या, "तिसऱ्यांदा पास होणारे लोक सगळ्यात चांगले चालवतात. ज्यांना पहिल्या फटक्यात जमतं ना, त्यांचीच मला भीती वाटते."

त्यांची शाळा म्हणजे चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. एक फळा, दोन बाकं, आणि टेबलावर लाकडी चौक, त्यावर खेळण्यातल्या गाड्या. खाली एक छोटी पिवळी गाडी उभी असायची, तिला बाईंच्या पायाशी जादा ब्रेक होता, आणि टपावर पाटी होती, 'शिका'. पाटीवरची अक्षरं अशी देखणी, की येणारेजाणारे थांबून बघायचे.

ती अक्षरं त्यांच्या नवऱ्याच्या हातची. त्यांना सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. अंगाने भरलेले, केस पांढरे, नखांत कायम कुठलातरी रंग. पेंटर हे बाईंचे पहिले विद्यार्थी. शिकता शिकता लग्न ठरलं, पण एक गोष्ट तशीच राहिली. घरात बाई त्यांना रीतसर 'अहो' म्हणतात, पण पेंटर स्टिअरिंगवर बसले, की बाईंच्या तोंडून आपोआप 'अरे' निघतं. "अरे, आरशात बघ! अरे, गिअर!" पेंटर हसत म्हणायचे, "घरी मी नवरा, गाडीत नापास मुलगा."

पेंटर काही रोज पिणारे नव्हते. सहा सहा महिने थेंब नसायचा. पण नव्या दुकानाची पाटी वर चढली, की मालक आग्रह करणार, आणि पेंटरांच्या जिभेला नाही म्हणायचं वळणच नव्हतं. एकदा सुरू झाले की त्यांच्या अंगात कोणीतरी राजा संचारायचा. मग ते बायकोला 'राणीसाहेब' म्हणायचे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना त्याची गंमतच वाटायची. मलासुद्धा.

तो शनिवार होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला फर्निचरचं नवं दुकान उघडत होतं. शिडी, डबे, ब्रश एवढं सगळं न्यायचं म्हणून बाईंनी सकाळी स्वतःच्या हाताने पेंटरांना पिवळ्या गाडीची चावी दिली. सोमवारी माझी परीक्षा होती, म्हणून पाच वाजता मला शेवटचा तास देणार होत्या. मी धास्तीपायी साडेतीनलाच जाऊन बसले.

बाईंचे हात खडूने भरलेले होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. "अहो, कुठे आहात? गाडी पाहिजे."

पलीकडून हसण्याचा गलका आला, ग्लासांचा आवाज आला, कोणीतरी गात होतं. मग पेंटरांचा आवाज, "राणीसाहेब! आपला रथ आत्ता हजर करतो!"

बाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा चार-पाच घरं सरकला असेल, तेवढाच वेळ. मग त्या म्हणाल्या, "पाचच्या आत या. सावकाश या." आणि फोन ठेवला.

"येतील," त्या मला म्हणाल्या. मीही मान डोलावली. मला माझ्या परीक्षेची पडली होती.

वीसेक मिनिटांनी फोन वाजला. चौकातला वाहतूक पोलीस, बाईंचाच जुना विद्यार्थी. "बाई, तुमची गाडी नर्सरीत घुसलीय."

बाजूचं बाक बाईंनी घट्ट धरलं. "मुलं?" त्यांनी विचारलं. "अरे, मुलं कशी आहेत?"

"कुठली मुलं?" पोलीस गोंधळला. "अहो बाई, झाडांची! झाडांची नर्सरी! पुलाजवळची!"

बाई मटकन बाकावर बसल्या आणि हसल्या की रडल्या, मला आजही सांगता येत नाही. लगेच उठल्या, आणि आम्ही दोघी रिक्षा करून तिथे पोचलो.

मी आयुष्यात तसं दृश्य बघितलेलं नाही. रस्त्याला लागून नर्सरीचं काचघर होतं. त्यात पिवळी गाडी पुढच्या दारांपर्यंत शिरलेली. काचांचा खच पडलेला. टपावरच्या 'शिका' या पाटीवर टोमॅटोचा एक वेल असा लोंबत होता, की मुद्दाम सजवलाय असं वाटावं. जमलेल्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "काय शिकायचं ते बघा लेको!" आणि लोक फिदीफिदी हसत होते. पेंटर एका पालथ्या कुंडीवर बसून ढसाढसा रडत होते. त्यांच्या अंगातला राजा पार उतरला होता.

बाई त्यांच्याकडे गेल्याच नाहीत. त्या सरळ नर्सरीवाल्या काकांकडे गेल्या. काका साठीचे, काटकुळे, कमी बोलणारे. इतके कमी, की गिऱ्हाइकं त्यांना किंमत विचारायची तर ते बोटं दाखवायचे. त्यांच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि तो लाल झाला होता. बाईंनी टॉवेल अलगद उचलून बघितलं. "दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या.

काकांनी काचांच्या ढिगाकडे बघितलं. "मी दोन पावलं मागे होतो," ते म्हणाले. तेवढंच.

ते वाक्य ऐकल्यावर माझं हसू विरून गेलं. गर्दीचंही.

पोलिसाने पेंटरांना नळीत फुंकायला लावलं, यंत्रावरचा आकडा बघून मान हलवली, आणि वही काढली. बाईंसमोर उभं राहताना त्याला अजून विद्यार्थी असल्यासारखंच वाटत असावं. चाचरत म्हणाला, "बाई, विचारावं लागतं म्हणून विचारतो. गाडी कोणाची लिहू?"

"गाडी माझ्या नावावर आहे," बाई म्हणाल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अरे..." एवढंच म्हणाल्या. गाडीच्या बाहेर मी तो 'अरे' पहिल्यांदाच ऐकला.

काकांच्या हाताला सात टाके पडले.

पुढचे पाच दिवस बाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण संसार आहे म्हटल्यावर निरोप तर द्यायलाच हवेत. त्या शाळेच्या फळ्यावर खडूने लिहायच्या, 'दूध संपलं.' थोड्या वेळाने खाली सुबक, वळणदार अक्षरांत, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढलेलं उत्तर असायचं, 'आणतो.' चौथ्या दिवशी बाईंनी लिहिलं, 'नक्षी बंद करा.' त्याखाली पेंटरांनी 'बरं' असं लिहिलं, नुसतं, एका रेषेत. ते बघून बाईंना हसू आवरेना. पण मला म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हं, मी हसले म्हणून."

सहाव्या दिवशी त्या वकिलीणबाईंकडे गेल्या, मलाही सोबत घेऊन. वकिलीणबाई तिशीच्या, हुशार, आणि अर्थातच बाईंच्याच विद्यार्थिनी. त्यांनी आम्हाला बसवलं आणि बोटं मोजावीत तसं समजावून सांगितलं.

"पिऊन गाडी चालवली, तो गुन्हा पेंटरांचा. त्यांचा परवाना जाणार, दंड होणार, त्याला इलाज नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे. नवरा-बायको आहात म्हणून त्याचा गुन्हा आपोआप तुमच्या डोक्यावर येत नाही. नुसती गाडी नावावर आहे म्हणूनही येत नाही. पण माणूस प्यायलाय हे माहीत असून मालकाने गाडी त्याच्या हातात दिली, किंवा चालवू दिली, तर मालकही अडकतो. मग तुम्हालाही दंड, शाळेच्या परवान्यावर गदा, आणि विमा कंपनी काकांना भरपाई देईल खरी, पण नंतर ती तुमच्याकडून वसूल करील."

"आणि माहीत नसेल तर?"

"तर तुम्ही सुटलात. सकाळी चावी दिलीत तेव्हा पेंटर शुद्धीवर होते ना?"

"होते की. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले."

"झालं तर मग!" वकिलीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"पण दुपारी मी फोन केला होता," बाई म्हणाल्या.

टोपण पुन्हा निघालं. बाईंनी सगळं सांगितलं, राणीसाहेब, रथ, सावकाश या. वकिलीणबाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हे कोणी ऐकलं?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

"खोटं बोला असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही," वकिलीणबाई म्हणाल्या. "पण जे कोणी विचारलं नाही, ते आपण होऊन सांगायला कोर्ट काही बोलावत नसतं. विचार करा."

घरी पेंटरांनी त्याहून पुढची उडी मारली. "मी सांगतो, चावी मी न विचारता उचलली होती. तुला पत्ताच नव्हता. तू सुटशील, शाळा वाचेल. माझं काय, मी चोर तर चोर."

"म्हणजे मी चोराशी लग्न केलंय, असं गावभर सांगत फिरू?" बाई कडाडल्या. अबोला असा सुटला. "दारुडा म्हणतात तेवढं पुरे नाही का तुम्हाला?"

शाळा अजून चालू होती. गाडी पोलिसांनी ठेवून घेतलेली, पण फळ्यावरचे तास चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ नवे विद्यार्थी बसले होते, मीही मागे होते. बाई लेखी परीक्षेचे प्रश्न घेत होत्या. एका तरुण मुलीने पुस्तकातून मोठ्याने वाचलं, "प्रश्न एकतीस. चालक मद्यप्राशन केलेला आहे हे माहीत असूनही मालकाने वाहन चालवू दिल्यास जबाबदार कोण? अ, चालक. ब, मालक. क, दोघेही."

सगळ्यांना नर्सरीची भानगड माहीत होती. त्या मुलीच्याही लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. "सॉरी बाई, मी पुढचा वाचते."

"पुढचा का?" बाई म्हणाल्या. "हा प्रश्न मी बावीस वर्षं शिकवतेय. उत्तर सांग."

"क," ती पुटपुटली.

"जोरात."

"क, बाई. दोघेही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर मोठा 'क' काढला आणि थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या. तास संपल्यावर मला म्हणाल्या, "माझं ठरलं हो. आता झोप तरी लागेल."

मध्यंतरी माझी परीक्षा झाली. सोमवारची हुकलीच होती, पण बाईंच्या धंद्यातले जे प्रतिस्पर्धी, पलीकडच्या रस्त्यावरचे शाळावाले, त्यांनी स्वतःची गाडी पाठवून दिली. "बाईंची अडचण ती आपली अडचण," म्हणाले. वर्षानुवर्षं दोघांचं विस्तव न जाण्याइतकं वैर! मी त्या परक्या गाडीत बसले, बाई शेजारी नव्हत्या, आणि का कोण जाणे, बिनचूक चालवली. परीक्षकाने मला ओळखून घाबरत घाबरतच पट्टा बांधला होता.

खटला उभा राहिला तिथेही गंमत झाली. ज्या न्यायाधीशांपुढे तो पहिल्यांदा आला, त्यांनी कागदांवरून मान वर करून बाईंकडे बघितलं, घसा खाकरला, आणि म्हणाले, "मी गाडी यांच्याकडे शिकलोय. मला हा खटला ऐकता येणार नाही." मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "क्लच दाबला साहेबांनी." शेवटी दुसरीकडून बदलून आलेल्या न्यायाधीशबाईंकडे काम गेलं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्या बसने यायच्या.

सुनावणीच्या दिवशी पेंटरांनी आधीच सगळं कबूल केलं होतं, एक शब्द न लपवता. मग बाई उभ्या राहिल्या. विमा कंपनीचे वकील उंच, चष्मेवाले, थोडे कंटाळलेले.

"चावी कोणी दिली?"

"मी दिली."

"त्या वेळी तुमचे पती प्यायलेले होते?"

"नाही."

"पिणार आहेत असं तुम्हाला कळण्याचं काही कारण?"

"सकाळी नव्हतं."

वकिलांनी कागद उलटला. "मला आणखी काही विचारायचं नाही."

"दुपारचं विचारायचं राहिलं," बाई म्हणाल्या.

वकील बसता बसता थबकले. आमच्या वकिलीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"दुपारचं काय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"दुपारी मी त्यांना फोन केला. गाडी लवकर आणा म्हटलं. ते मला राणीसाहेब म्हणाले."

"बरं, मग?"

"शुद्धीवर असताना ते मला 'अगं' म्हणतात."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनीही ओठ दाबून धरले. फक्त बाई हसल्या नाहीत. हसू ओसरायची वाट बघून त्या पुढे म्हणाल्या, "एकवीस वर्षांच्या संसारात मला तेवढं कळतं. मी म्हणायला हवं होतं, की चावी दुकानाच्या मालकाला द्या आणि चालत या. मी म्हटलं, सावकाश या. सावकाश या असं माणूस कधी म्हणतो? माहीत असतं तेव्हाच. मला माझा तास चुकवायचा नव्हता. हे काका दोन पावलं मागे होते म्हणून आज इथे बसलेत. त्यात ना माझी अक्कल, ना माझ्या नवऱ्याची."

नर्सरीवाले काका समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली, आणि टाक्यांच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिले. पेंटर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

निकाल पंधरवड्याने लागला. पेंटरांचा परवाना एक वर्षासाठी गेला, वर दंड. बाईंनाही दंड. विमा कंपनीने काकांना पूर्ण भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून हप्त्याहप्त्याने घ्यावी. शाळेचा परवाना कायमचा रद्द होऊ शकला असता, पण न्यायाधीशबाईंनी लिहिलं, की कोणी विचारलं नसताना या बाईंनी स्वतःविरुद्ध खरं सांगितलं आहे, आणि असं माणूस रस्त्यावर शिकवायला असणं लोकांच्या हिताचं आहे. म्हणून फक्त तीन महिने शाळा बंद.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बाईंनी मोठा श्वास घेतला. "सुटले बाई एकदाची!"

"सुटलात कुठे?" वकिलीणबाई वैतागून म्हणाल्या. "आपण हरलो!"

"तेच ते," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना समोरच्या टपरीवर चहा पाजला. विमा कंपनीच्या वकिलांनासुद्धा. त्यांनी दोन कप घेतले, आणि जाताना बाईंना विचारलं, की त्यांच्या मुलीला शिकवाल का.

आता तीन महिने करायचं काय? बाई घरी बसणाऱ्यातल्या नव्हेत. पहिल्याच रविवारी त्या आणि पेंटर नर्सरीत हजर झाले. भरपाई मिळणार होती, पण काचा काही आपणहून उभ्या राहत नाहीत. पेंटरांनी काचेवर अक्षरं काढण्यात उमर घातली होती, काच कशी धरायची, कशी कापायची, कडेच्या फटीत लांबी कशी भरायची हे त्यांच्याइतकं कोणाला येणार? पुढच्या रविवारी मी गेले. त्याच्या पुढच्या रविवारी तो पोलीस आला, साध्या कपड्यांत, मग प्रश्न एकतीसवाली मुलगी, मग चाव्या बनवणारे. एक दिवस तर पलीकडचे शाळावालेही येऊन लांबीचा गोळा मळत बसले.

काका पहिले काही आठवडे बोललेच नाहीत. बोटाने दाखवायचे, हे इथे, ते तिथे. रोपं नव्या वाफ्यात लावायची वेळ आली तेव्हा बाईंनी उत्साहाने एक रोप खोडाला धरून उपसलं.

"मूळ!" काका ओरडले. आम्ही सगळे दचकलो. तो आवाज त्यांच्यातून निघाला यावर आमचा विश्वास बसेना. "अहो, मूळ! मूळ सांभाळा! ती काय खुंटी आहे उपटायला?"

बाई रोप हातात धरून उभ्याच राहिल्या. मग पेंटर हसायला लागले. डबा खाली ठेवून, पोट धरून हसायला लागले. "बावीस वर्षांनी! बावीस वर्षांनी तुला कोणीतरी भेटलं गं!" मग पोलीस हसला, मी हसले, आणि सगळ्यात शेवटी काका. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आम्ही त्यांना मूळकाका म्हणायला लागलो, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली ती अशी, की बियांपासून बांडगुळापर्यंत काही राहिलं नाही. बाई रोज ओरडा खात होत्या आणि खूश होत्या. "शिकणाऱ्याच्या जागी बसायला मजा येते हो," मला म्हणाल्या. "फक्त घाम फार येतो."

पेंटर पुन्हा प्यायले नाहीत. त्यांनी शपथ वगैरे काही घेतली नाही. नव्या औषधाच्या दुकानाची पाटी लावली त्या दिवशी मालकाने ग्लास पुढे केला, तेव्हा म्हणाले, "माझी बायको घरी 'अगं' ऐकायला बसलीय." मालकाला काही कळलं नाही, पण त्याने ग्लास मागे घेतला. पेंटर शिडी हातगाडीवर टाकून ढकलत घरी आले. आम्हाला हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, दर वेळी मालक थोडा अधिक जाडा आणि ग्लास थोडा अधिक मोठा होत गेला.

नवं काचघर पहिल्यापेक्षा बरं झालं. रस्त्याच्या बाजूला पेंटरांनी हातभर उंचीचा दगडी कट्टा घालून दिला, कोणी न सांगता.

तीन महिने संपले त्या दिवशी सकाळी सातला बाई शाळा उघडायला गेल्या. जिन्यात कोणीतरी आधीच बसलं होतं. धुतलेला शर्ट, पाणी लावून बसवलेले केस, हातात स्वतःचे दोन फोटो. मूळकाका.

"मला शिकवा," ते म्हणाले.

"तुम्हाला? गाडी?" बाईंना खरंच वाटेना. "का हो काका?"

"रोपं बाजारात न्यायची तर टेम्पोवाल्याच्या हातापाया पडावं लागतं. आणि तुमचे पेंटर मदत करतो म्हणतात, पण त्यांना तर वर्षभर चालवता यायची नाही." काकांनी फोटो पुढे केले. "तर मी चालवीन, ते ट्रे धरतील."

शिकाऊ परवाना हातात आल्यावर पंधरा-वीस दिवस काका मैदानात गोल गोल फिरले. मग एका सकाळी दुरुस्त झालेली पिवळी गाडी पहिल्यांदा बाजाराकडे निघाली. स्टिअरिंगवर काका, शेजारी उशीवर बाई, मागे मांडीवर रोपांचे ट्रे घेऊन पेंटर आणि मी. काकांनी चाक असं धरलं होतं, की सोडलं तर उडून जाईल. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मग एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालत पुढे गेली.

"काका, थोडा वेग घ्या," बाई म्हणाल्या.

"मागे रोपं आहेत," काका म्हणाले.

"आणि आम्ही?" पेंटर म्हणाले.

"तुम्हाला मुळं नाहीत."

बाजारात पोचायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. चालत पस्तीस लागतात. काका खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही चाकं बघितली, आणि बाईंच्या खिडकीशी येऊन वाकले.

"उद्या किती वाजता?"

"सातला," बाई म्हणाल्या. "आणि येताना पाय धुऊन या. सगळ्या पेडलला माती लावून ठेवलीत."